शिशाचा अंगरखा : दमदम, १८५७ आणि १८९९

#थ्रेड

कलकत्त्याजवळच्या दमदम या गावाचे नाव जगाच्या इतिहासात दोनदा गाजले. पहिल्यांदा जानेवारी १८५७ मध्ये आणि दुसऱ्यांदा १८९९ मध्ये, हेगच्या शांतता परिषदेत. दोन्ही वेळा वादाच्या मुळाशी बंदुकीची गोळी होती. आणखी नेमके सांगायचे तर, गोळीतल्या शिशावर काय चढवायचे आणि किती चढवायचे, हा प्रश्न होता.

पहिली गोष्ट शाळेच्या पुस्तकातली आहे. दमदमच्या छावणीत एका ब्राह्मण शिपायाकडे तिथल्या खालच्या जातीच्या मजुराने पाण्याचा लोटा मागितला. शिपायाने नकार दिला. तेव्हा मजूर म्हणाला, की जातीचा एवढा अभिमान कशाला, लवकरच गाईडुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडायची आहेत. ही कुजबुज कॅप्टन राइट या अधिकाऱ्याच्या कानी आली आणि २२ जानेवारीला त्याने ती वरिष्ठांना लेखी कळवली. पुढचे बराकपूर, मंगल पांडे, मीरत सर्वांना ठाऊक आहे.

पण एक साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही. काडतुसाला मुळात चरबी हवी कशाला होती? ब्रिटिशांना खोडसाळपणाच करायचा होता, असे मानले तर उत्तर सोपे होते. खरे उत्तर मात्र शिसे या धातूच्या स्वभावात आहे, आणि तिथूनच दुसऱ्या गोष्टीची वाट निघते.

शिसे जड असते, त्यामुळे लहान आकारात भरपूर वजन मावते आणि गोळी दूरवर वेग टिकवते. ते अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून चुलीवरही ओतता येते. शिवाय ते मऊ असते. जुन्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीत या मऊपणाचा फारसा उपयोग नव्हता. नळीत नागमोडी आटे पाडलेली रायफल आली तेव्हा मात्र मऊपणा हाच शिशाचा मोठा गुण ठरला. गोळी आट्यांत घट्ट बसली पाहिजे, म्हणजे ती स्वतःभोवती गरगरत बाहेर पडते आणि सरळ जाते. लोखंडाची गोळी आट्यांत बसत नाही, उलट आटेच खाऊन टाकते. शिसे त्यांत सहज दबते.

अडचण अशी, की आट्यांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडाकडून ठासायची कशी? दर गोळीला हातोडी मारत बसणे शिकाऱ्याला परवडते, पलटणीला नाही. क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोळीने १८४०च्या दशकाच्या शेवटी ही अडचण सोडवली. गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवायची आणि तिचे बूड आतून पोकळ करायचे. बार उडाला, की वायूच्या दाबाने मऊ बूड फुगते आणि आट्यांत जाऊन बसते. ब्रिटिशांची १८५३ची एनफिल्ड रायफल याच तत्त्वावर चाले.

आता त्या चरबीकडे येऊ. काळी दारू जळल्यावर नळीत चिकट काजळी साचते. शिशाची गोळी आट्यांना घासून जाताना स्वतःचा अंशही मागे ठेवते. दहावीस बारांनंतर नळी इतकी भरते, की पुढची गोळी आत जात नाही. म्हणून एनफिल्डच्या काडतुसात गोळीभोवती कागद असे आणि त्या कागदावर चरबी व मेणाचा लेप असे. दारूकडचे टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची, काडतूस उलटे करून लेपाच्या कागदासकट गोळी ठासायची आणि उरलेला कागद फाडून टाकायचा, असा क्रम होता. शिशाला नळीपासून वेगळे ठेवणारे काहीतरी मध्ये हवे होते. १८५७ मध्ये ते काहीतरी म्हणजे चरबीचा कागद होता.

सरकारने जानेवारीच्या अखेरीस घाईने आदेश काढले, की शिपायांनी स्वतःच्या पसंतीचे तेल किंवा तूप व मेण वापरावे. तंत्राच्या दृष्टीने हा उपाय चालण्याजोगा होता. पण संशय तंत्राच्या हाताबाहेर गेला होता. शिवाय माघार घेतली म्हणजे आधी काहीतरी होतेच, असाही तिचा अर्थ लावला गेला, आणि तो लावणाऱ्यांना मूर्ख म्हणता येत नाही.

एनफिल्डनंतर नळीच्या मागून काडतूस भरण्याची सोय आली. १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी सुमारे ३१ ग्रॅम वजनाची, ११ मिलिमीटरहून जाड आणि शिशाची होती. मात्र शुद्ध शिशाची नव्हती. बारा भाग शिशात एक भाग कथील मिसळून ती कठीण केली होती, तिच्याभोवती कागद गुंडाळला होता आणि मागे मेणाची चकती ठेवली होती. हे सारे कशासाठी? गोळीचा वेग सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास गेला होता आणि त्या वेगाला मऊ शिसे आट्यांची पकड सोडू लागते. कथील, कागद आणि मेण या सगळ्या त्याच एका दुखण्यावरच्या मलमपट्ट्या होत्या.

मलमपट्ट्यांचा काळ स्वित्झर्लंडमध्ये संपला. थुन येथील सरकारी दारूगोळा कारखान्यातील अधिकारी एडुआर्ड रुबिन याने १८८२च्या सुमारास शिशाच्या गोळीवर तांब्याचे पातळ कवच चढवले. आत जड शिसे आणि बाहेर कठीण पण आट्यांत दबण्याइतपत नरम तांबे. गोळी बारीक करता आली आणि वेग वाढवता आला. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूररहित दारू तयार केली आणि १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याने ८ मिलिमीटरची लेबेल रायफल स्वीकारली. सेकंदाला सहाशे मीटरच्या वेगाला उघडे शिसे टिकणेच शक्य नव्हते. युरोपातील प्रत्येक सैन्याला मग आपली शस्त्रागारे रिकामी करावी लागली. ब्रिटनने १८८८ मध्ये लहान नळीची ली-मेटफर्ड घेतली. तिची गोळी ७.७ मिलिमीटरची, सुमारे १४ ग्रॅमची होती आणि तिला तांबे व निकेलच्या मिश्रधातूचे कवच होते.

हा नियम आजही बदललेला नाही. रिकामी पुंगळी पुन्हा भरून नेमबाजी करण्याचा छंद अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून आहे. तिथला छांदिष्ट आजही गोळी निवडताना रुबिनचाच हिशेब मांडतो. पिस्तुलाच्या मंद वेगाला साधे शिसे पुरते आणि स्वस्तही पडते. वेग वाढला, की शिशात अँटिमनी व कथील मिसळून ते कठीण करायचे, बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवायची. त्याहून वेग वाढला, की कवचाला पर्याय नाही. शिवाय शिसे घरच्या साच्यात ओतता येते, कवच मात्र घडवायला दाबयंत्रे आणि कारखाना लागतो. म्हणजे कवचाबरोबर गोळी घडवण्याचे काम घरातून आणि पलटणीच्या तळावरून उठून राज्याच्या कारखान्यात गेले. दमदमचे महत्त्व वाढले ते या बदलातून. (पुण्याशेजारी खडकीला १८६९ पासून उभा असलेला दारूगोळा कारखानाही याच राज्ययंत्रणेचा भाग होता.)

इथपर्यंतची कथा यंत्रशास्त्राची आहे. कवच चढवताना माणसाच्या शरीराचा विचार कोणी केला नव्हता. नळी खराब होऊ नये आणि गोळी सरळ जावी, एवढेच त्यामागे होते. पण परिणाम शरीरावर झालाच. मऊ शिशाची जाड गोळी हाडाला लागली, की चपटी होऊन हाडाचा चुरा करी. अमेरिकन यादवी युद्धातील शल्यचिकित्सकांनी हातपाय कापण्याचा जो सपाटा लावला, त्याचे एक मोठे कारण हेच होते. कवचाची बारीक गोळी मात्र पुष्कळदा छोटे छिद्र पाडून आरपार निघून जाई. नवी रायफल जास्त दयाळू आहे, असे युरोपातील डॉक्टर लिहू लागले. ती दया कोणी योजलेली नव्हती, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

मग १८९५ साल उजाडले. हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर चित्रालच्या किल्ल्यात ब्रिटिश तुकडी वेढली गेली आणि तिच्या सुटकेसाठी सर रॉबर्ट लो याच्या हाताखाली फौज मलकंदची खिंड लढून पुढे गेली. मोहीम यशस्वी झाली. परतलेल्या अधिकाऱ्यांची तक्रार मात्र एकच होती, की नवी गोळी लागूनही पठाण थांबत नाही. अंगात छिद्र घेऊन तो तलवारीच्या टप्प्यापर्यंत येतो. युरोपात जिला दयाळू म्हटले जात होते, तीच गोळी सरहद्दीवर कुचकामी ठरली.

यावर दमदमच्या कारखान्याचा प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने तोडगा काढला. गोळीचे कवच टोकाला थोडे आखूड ठेवायचे. टोकावर सुमारे एक मिलिमीटर शिसे उघडे राहिले, की गोळी नळीतून कवचाच्या शिस्तीने जाते आणि शरीरात शिशाच्या स्वभावाने पसरते. वेग कवचाचा आणि जखम शिशाची. शिसे की कवच, या निवडीचे उत्तर त्याने ‘दोन्ही’ असे दिले. कारखान्याच्या नावावरून तिला ‘दमदम गोळी’ म्हणू लागले आणि पुढे जगभरच्या वृत्तपत्रांनी पसरणाऱ्या कोणत्याही गोळीला सरसकट तेच नाव दिले.

१८९७-९८ च्या तिराह मोहिमेत आफ्रिदींविरुद्ध ही गोळी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्यात एक विसंगती दडलेली होती. १८५७च्या धड्यानंतर देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने शस्त्र द्यायचे, असे धोरण होते. त्यामुळे तिराहमध्ये ली-मेटफर्ड आणि दमदम गोळी गोऱ्या सोल्जरांकडे होती, तर त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढणारे शीख आणि गुरखे मार्टिनी-हेन्रीची जुनी शिशाची गोळी झाडत होते. एका दमदमच्या भीतीने आखलेले धोरण दुसऱ्या दमदमच्या गोळीचे वाटप ठरवत होते. मलकंदच्या मोहिमेवर वार्ताहर म्हणून गेलेल्या तरुण विन्स्टन चर्चिलने १८९८च्या आपल्या पुस्तकात या गोळीच्या तांत्रिक कौशल्याची वाखाणणी केली. त्याच वर्षी सुदानमध्ये आत्बाराच्या लढाईपूर्वी जनरल गॅटेकरच्या ब्रिगेडकडे दमदम गोळी नव्हती, तेव्हा सोल्जरांना कानशी देऊन साध्या गोळ्यांची टोके घासायला बसवले गेले. सप्टेंबरमध्ये ऑमदुर्मानला पोहोचेपर्यंत इंग्लंडात तयार झालेली, टोकाला पोकळी असलेली ‘मार्क चार’ गोळी हाती आली होती.

युरोपात खळबळ माजली ती ट्यूबिंगेनच्या पाउल फॉन ब्रुन्स या शल्यचिकित्सकामुळे. त्याने अर्ध्या कवचाच्या गोळ्या प्रेतांवर झाडून जखमांची भीषणता मांडली. पण त्याने वापरलेल्या गोळ्या माउझर रायफलीच्या शिकारी गोळ्या होत्या, आणि त्यांचे शिसे दमदमपेक्षा कितीतरी जास्त उघडे होते. ॲबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी हा फरक दाखवून दिला. त्यांचे म्हणणे बिनचूक होते, पण तोवर ‘दमदम’ हा शब्द शिवी झाला होता.

१८ मे १८९९ रोजी रशियाच्या झारच्या पुढाकाराने हेगची परिषद भरली. विस्तारणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा प्रस्ताव आला, तेव्हा ब्रिटनची बाजू मांडायला सर जॉन आर्डा हे लष्करी प्रतिनिधी उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश परिषदेच्या इतिवृत्तात आहे. सुसंस्कृत सैनिकाला छोटी गोळी लागली, की तो आपण जखमी झालो हे ओळखतो आणि मागे रुग्णवाहिकेकडे जातो. रानटी माणूस वाघासारखा असतो. अंगात अनेक छिद्रे पडली तरी तो धावून येतो आणि, तुम्ही नियमाविरुद्ध वागत आहात हे त्याला समजावून सांगण्याआधीच, तुमचे डोके उडवतो.

आर्डांच्या बाजूला एक खरा मुद्दाही होता. १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी घातली होती, साध्या शिशाच्या गोळीवर नाही. स्नायडर आणि मार्टिनी-हेन्रीच्या उघड्या शिशाने पडणाऱ्या जखमा दमदमपेक्षा सौम्य नव्हत्या आणि तशी शिशाच्या गोळीची शस्त्रे सर्वच सत्तांनी वापरली होती. कालपर्यंत चालणारी जखम आज अमानुष कशी, हा प्रश्न हेगमधल्या कोणाला सोपा नव्हता. पण आर्डा तिथे थांबले नाहीत. त्यांनी माणसांचे दोन प्रकार केले आणि गोळीची निवड त्या प्रकारावर सोपवली. परिषदेत जपान, चीन, सयाम आणि इराणचे प्रतिनिधी बसले होते. ज्यांच्या शरीरांची चर्चा चालू होती त्या आफ्रिदींचा किंवा सुदानी अन्सारांचा अर्थातच कोणी नव्हता.

मतदानात ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले आणि पोर्तुगाल तटस्थ. उरलेल्यांच्या बळावर २९ जुलै १८९९ रोजी जाहीरनामा झाला. मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत, म्हणजे ज्यांचे कठीण कवच गाभा पूर्ण झाकत नाही किंवा ज्यावर चिरा पाडल्या आहेत, अशा. पण त्याच कागदावर आणखी एक कलम होते. ही बंदी करारातील देशांच्या आपसातल्या युद्धापुरतीच होती, आणि त्या युद्धात करारबाहेरचा एखादा देश सामील झाला, की तीही सुटणार होती. म्हणजे आर्डांचा प्रस्ताव हरला, पण त्यांनी आखलेली रेषा कराराच्या मजकुरात दुसऱ्या शब्दांत शिल्लक राहिली. कोणत्याही वसाहतीतील टोळीशी होणारे युद्ध त्या बंदीच्या कक्षेत येतच नव्हते.

ब्रिटनने मग मार्क चार मागे घेतली. तिचे श्रेय बहुधा हेगला दिले जाते, पण त्यात शिशाचाही वाटा मोठा आहे. त्याच उन्हाळ्यात बिस्लीच्या नेमबाजी मैदानावर काही गोळ्यांचे शिसे पुढे निघून गेले आणि कवच नळीतच अडकले. पुढची गोळी तिथे आदळली, की नळी फुटण्याचा धोका. रुबिनने सोडवलेली अडचण टोकाची पोकळी पाडताना पुन्हा दारात उभी राहिली होती. ऑक्टोबरमध्ये बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनने पूर्ण कवचाची मार्क दोन वापरायचे ठरवले. शत्रू गोरा आणि युरोपीय वंशाचा होता, हे त्या निर्णयात किती होते, याचा हिशेब वाचकाने मांडावा. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दमदमचे आरोप मात्र युद्धभर केले. बोअर शेतकऱ्यांच्या पट्ट्यांत शिकारीच्या अर्ध्या कवचाच्या गोळ्या सापडतही होत्या.

१९०७ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल त्या जाहीरनाम्यात सामील झाले. अमेरिकेने त्यावर कधीच सही केली नाही. तीन वर्षांनी ब्रिटिश सैन्याने ‘मार्क सात’ ही टोकदार गोळी स्वीकारली, जी पुढची दोन्ही महायुद्धे लढली. तिचे कवच टोकापासून शेवटपर्यंत अखंड होते. त्यामुळे जाहीरनाम्याच्या शब्दांत तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त कवचाच्या आत, पुढच्या भागात, शिशाऐवजी हलके ॲल्युमिनियम भरलेले होते आणि वजनाचा तोल मागे सरकला होता. शरीरात शिरल्यावर ती गोळी पसरत नसे. ती कोलांटी घेई.